आत कोणी नाही

इस्त्रीवाल्या काकूने जिन्याच्या लोखंडी कठड्यावर कुलूप तीनदा आपटलं आणि चार मजल्यांची अख्खी इमारत चिडीचूप झाली. रेडिओ बंद, पंखे बंद, भांड्यांचा आवाज बंद. तीन ठोके म्हणजे पक्कड आला.

पक्कड म्हणजे वीज कापणारा वायरमन. त्याचं खरं नाव कुणी कधी विचारलं नव्हतं. खाकी पिशवी, कमरेला पक्कड, काखेत कागदांचं पॅड, आणि चेहरा असा की सकाळी सकाळी बघितला तर दिवसभर घास गोड लागू नये. तळमजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच काकूचं इस्त्रीचं दुकान होतं, त्यामुळे तो कोपऱ्यावर वळला की पहिल्यांदा काकूला दिसायचा. मग काकू इस्त्री उभी करून ठेवायची, खिळ्यावरचा कुलपांचा जुडगा घ्यायची आणि गुडघे दुखत असूनही धडाधड जिना चढायची. ज्या ज्या घराचं बिल थकलेलं, त्या त्या दाराला बाहेरून कुलूप. काकूचं स्वतःचं बिल तारखेच्या आधी भरलेलं असायचं बरं का! ही सगळी धावपळ दुसऱ्यांसाठी. अशी माणसं देव मोजूनच पाठवतो, आणि कधी कधी तीच घात करतात. वाईट हेतूने नाही हो, मायेने.

कुलपाची युक्ती जुनी आणि नामी होती. घरातल्या मोठ्या माणसाची सही घेतल्याशिवाय वीज कापायची नाही, असा पूर्वी नियम होता. घराला कुलूप, तर सही कुणाची घेणार? पक्कड बाहेरच्या बाहेर परत जायचा. अशी सात-आठ वर्षं निभली. पण ह्या वर्षी नियम फिरला होता. आता पक्कडला प्रत्येक दारात तीन वेळा विचारावं लागे, घरात मशीनवर कोणी आजारी आहे का, अंथरुणाला खिळलेलं कोणी, तान्हं बाळ? असलं, तर बिल कितीही थकू दे, वीज कापायची नाही. घराचं नाव राखीव यादीत घालायचं. आणि घर बंद असलं तर? तर शेजाऱ्याला विचारायचं, शेजारी ‘आत कोणी नाही’ म्हणाला की त्याची सही घ्यायची आणि खुशाल कापायचं. रिकाम्या घरात कुणाचं काय बिघडणार?

म्हणजे जे कुलूप आजवर वाचवत होतं, तेच आता मारायला उठलं होतं. हा नियम नोटिशीच्या पाठीमागे छापलेला होता, बारीक अक्षरात. पण लाल नोटीस उलटून कोण वाचतो? ती आली की घडी करून डब्याखाली सरकवतात आणि तिच्याकडे बघायचंही टाळतात. अख्ख्या इमारतीत ती कुणी उलटली नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, कंडक्टरचं घर. वीस-बावीस वर्षं बसमध्ये ‘पुढे सरका, पुढे सरका’ करून घसा फोडला आणि शेवटी त्याच घशाने दगा दिला. ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. गळ्याला पुढून भोक, भोकात नळी, श्वास तिथूनच. नळीत कफ भरला की स्टुलावरचं मशीन लावायचं, बारीक रबरी नळी गळ्यात सोडायची, की मशीन घर्रर्र करत सगळं ओढून घ्यायचं. दिवसातून दहा-बारा वेळा. मशीनची बॅटरी कधीच मेली होती आणि इस्पितळातून दिलेल्या हातपंपाचं रबर फाटलं होतं. वीज असली तर मशीन, आणि मशीन असलं तर कंडक्टर, असा सरळ हिशेब. नाहीतर माणूस आपल्याच पलंगावर, कोरड्या अंगाने बुडून मरेल.

बायको औषधांच्या कारखान्यात डब्या भरायच्या कामाला जायची. निघताना ती रोज बजावायची, “कुणी दार वाजवलं तर हूं नाही की चूं नाही. लिहायची पाटीसुद्धा खडखडू द्यायची नाही. काकू बघतील.” ‘हूं’ करायला आवाज कुठे शिल्लक होता? पण ती बजावायची आणि तो मान हलवायचा. दाराची आतली कडी दिवसा काढलेलीच असे, वेळ आली तर काकूला आत येता यावं म्हणून.

तर त्या दिवशी तीन ठोके ऐकू आले तेव्हा कंडक्टर पलंगावर बसून नळी गळ्यात सोडत होता. सकाळपासून कफ दाट येत होता, छातीत घुरघुर वाजत होतं. मशीन नुकतंच सुरू केलेलं, अर्धाही कफ ओढून झाला नव्हता. तेवढ्यात काकूचे पाय जिन्यावर वाजले, कडीत कुलूप खटकन बसलं आणि काकू दाराला तोंड लावून कुजबुजली, “मशीन बंद कर रे बाबा! जिन्यात ऐकू येतंय.”

त्याने मशीन बंद केलं. नळी बाहेर काढून मांडीवर धरली. अर्धा कफ आतच राहिला. दोन-चार मिनिटांचा प्रश्न, त्याने मनाशी म्हटलं, पक्कड कुलूप बघेल, शिव्या घालेल आणि जाईल.

पक्कड आला. दम खात खात आला, पिशवी आपटली आणि दारावर थाप मारली.

“कोण आहे का घरात?”

“कोणी नाही,” काकू म्हणाली. तिचा आवाज असा साळसूद, जणू देवळातून आत्ताच बाहेर पडली. “गावाला गेलेत सगळे. कुलूप दिसत नाही का?”

“कधी येणार?”

“मला काय सांगून गेलेत? मी काय त्यांची सासू आहे?”

आत कंडक्टरला हसू फुटलं आणि त्या हसण्यानेच घात झाला. हसताना श्वास वर ओढला गेला आणि कफ नळीत चढला. त्याने दोन्ही हातांनी पलंगाची कड घट्ट धरली. खोकायचं नाही. खोकला आता तोंडातून येत नव्हता, गळ्यातल्या भोकातून शिट्टीसारखा बाहेर पडायचा आणि तो आवाज जिन्यातल्या कुणालाही ऐकू गेला असता. तो डोळे मिटून नाकाने श्वास घ्यायला गेला. जुनी सवय! नाकाचा आणि श्वासाचा संबंध संपून सहा महिने झाले होते.

“बाई, मला विचारावं लागतं म्हणून विचारतो,” बाहेर पक्कड म्हणाला. “आत मशीनवर कोणी आजारी आहे? अंथरुणावरचं म्हातारं? तान्हं बाळ?”

“कोणी नाही म्हटलं ना!”

“असेल तर सांगा. मी कापत नाही. उलट नाव यादीत घालतो, मग वर्षभर कुणी हात लावणार नाही.”

कंडक्टरने डोळे उघडले.

आता तुम्ही-आम्ही म्हणू, उठ की बाबा, वाजव दार, तुझंच नाव घेतोय तो! पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कंडक्टरने नोकरीत तिकीट तपासनीस पाहिले होते. ‘खरं सांग, काही करत नाही,’ असं म्हणत खांद्यावर हात टाकायचे आणि खरं सांगितलं की पगार कापायचे. काकूच्या मनातही तेच असणार, कारण ती फटकन म्हणाली, “हो, सांगते आणि तुम्ही सही घेऊन मोकळे व्हा. आम्ही काय काल जन्मलो?”

“तसं नाही हो बाई. नियम बदललाय.”

“नियम बदलला म्हणजे तुम्ही बदललात?”

 कागद उलटल्याचा आवाज आला. मग पक्कड पुन्हा म्हणाला, “तिसऱ्यांदा विचारतो. आत कोणी आहे का? नीट आठवून सांगा.”

त्या आवाजात गोडवा नव्हता. कंडक्टरने कान टवकारले. इतकी वर्षं त्याने गर्दीत नुसत्या आवाजावरून माणूस ओळखला होता. पास हरवला म्हणणाऱ्यांतल्या कोणाचा खरंच हरवलाय आणि कोण थापा मारतोय, हे तो तोंडाकडे न बघता सांगायचा. गोड बोलणारा दहांत नऊ वेळा खोटा निघायचा. हा पक्कड गोड बोलत नव्हता. थकलेला होता, वैतागलेला होता, आणि तरीही तिसऱ्यांदा विचारत होता.

हा खरं बोलतोय.

पण त्याच वेळी काकू म्हणत होती, “आणा इकडे कागद. कुठे करू सही? आत कोणी नाही, कोणी नाही, कोणी नाही! लिहून देते, म्हणजे जाल एकदाचे.”

त्याने मशीनच्या बटणाकडे हात नेला. सगळ्यात सोपा उपाय तोच होता. मशीन घर्रर्र वाजलं की पक्कडला कळेल, आत माणूस आहे आणि मशीनवर आहे. त्याने बटण दाबलं. मशीन घर्र्‌ झालं, एकदाच, आणि लगेच मेलं. बाहेर मीटरच्या पेटीतून पक्कडने फ्यूज उपसून काढला होता.

“काय वाजलं?” पक्कडने विचारलं.

“वरच्या मजल्यावरची पाण्याची मोटर,” काकू म्हणाली, पण आता तिचा आवाज फाटला होता. “अहो, पण... तुम्ही कापलं कसं काय? कुलूप असताना कापत नाहीत ना?”

“तेच तर सांगतोय मघापासून. रिकामं घर असेल तर कापायचं. तुम्हीच सही केलीत.”

काकू वाईट नव्हती. तिचं डोकं काय म्हणत होतं तेही ऐका. आता कबूल करावं तर खोटी सही केल्याचा आळ येतो, आणि हा फ्यूज परत लावील याची खात्री काय? त्यापेक्षा जाऊ दे ह्याला. ह्याची पाठ वळली की सील तोडून वायर जोडू, आधीही जोडली आहे, पाच मिनिटांचं काम. फक्त ह्याने लवकर टळावं. पाच मिनिटं! आतल्या माणसाकडे ती नव्हती हे तिला कसं कळणार? अर्धवट ओढलेल्या कफावर मशीन बंद करायला तिनेच सांगितलं होतं, पण अर्धवट म्हणजे किती, हे एका कंडक्टरलाच ठाऊक होतं.

आणि पक्कड टळेना. पेटीला सील अर्धवट अडकवून तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि कागदाच्या तीन प्रती भरायला लागला.

आत कंडक्टर उभा राहिला. छातीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. श्वास आत जात होता तो सुतासारखा बारीक. पलंगापासून दारापर्यंत नऊ-दहा पावलं. तीन पावलं गेला आणि खोलीच्या कडा काळ्या पडू लागल्या. तो खोकला. आता लपवायचं कशाला? पण खोकला बाहेरच येईना, गच्च भरलेल्या नळीत अडकला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ओरडायला तोंड आहे, तोंडात जीभ आहे, आणि त्यांचा श्वासाशी काही संबंध नाही!

त्याला भयंकर राग आला. बायकोचा, काकूचा, पक्कडचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. शहाण्यासारखं आधी का नाही वाजवलं दार? बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, हे काय त्याला माहीत नव्हतं? पण हे सगळं नंतर. आधी दार.

त्याने वाटेत टेबलावरचा पाण्याचा लोटा उचलला, पाणी अंगावर सांडलं, आणि दारापाशी गुडघ्यांवर पडता पडता लोटा दारावर हाणला. एकदा. पुन्हा. पुन्हा.

बाहेर पक्कडची लेखणी थांबली. “हे काय आता?”

“मांजर,” काकू म्हणाली.

“कुलपाच्या आत मांजर?”

“खिडकीतून येतं मेलं.”

लोटा पुन्हा वाजला. ह्या वेळी हळू. मग आणखी हळू. मग दाराच्या खालच्या फळीवर नुसती बोटं घासली गेली.

ते घासणं काकूने ऐकलं. “अरे देवा! अरे देवा, माझ्या हाताने...” ती जुडग्यातली किल्ली शोधू लागली. एक लावली, लागेना. दुसरी लावली, ती वरच्या मजल्याची. तिसरी उलटीच घातली. “आत माणूस आहे हो! मशीनवरचा माणूस आहे! मी खोटं बोलले! लावा तुमचा तो फ्यूज, पाया पडते तुमच्या!”

 पक्कडने अर्धवट लावलेलं सील हाताने ओढून तोडलं. पत्र्याने तळहात कापला गेला, तिकडे त्याने बघितलंही नाही. फ्यूज परत खोबणीत दाबला. त्याच वेळी कुलूप निघालं आणि दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं, कारण कंडक्टर त्याला टेकून पडला होता.

दोघांनी त्याला ओढत पलंगापाशी आणलं. ओठ निळे-काळे झाले होते. बटण दाबलेलंच होतं, मशीन आपणहून घर्रर्र करत होतं, पण नळी आत कशी घालायची हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. काकूने ती उचलली आणि तिला रडूच फुटलं. तेव्हा कंडक्टरने डोळे न उघडता हात पुढे केला. पक्कडने नळी त्याच्या बोटांत दिली आणि त्याचं मनगट खालून धरून ठेवलं. दोघांचे मिळून दोन हात, एकाचा रक्ताने माखलेला, गळ्यातल्या भोकापर्यंत गेले. मशीनचा आवाज बदलला, जड झाला, घोगरा झाला. काचेच्या बरणीत कफ पडला. पुन्हा पडला. आणि मग कंडक्टरच्या छातीने असा श्वास ओढला की काकू मटकन जमिनीवर बसली.

 कंडक्टरच्या तोंडावर रंग परत येत होता. पक्कड पलंगाच्या कडेला बसून आपल्या तळहाताकडे बघत होता.

“तीनदा विचारलं मी,” तो शेवटी म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे. “तीनदा विचारलं हो. आता मी ह्यांना मारूनच गेलो असतो आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवलो असतो.”

“मला वाटलं, तुम्ही फसवताय,” काकू रडत म्हणाली. “आम्ही सगळे असंच करतो. कुलूप लावायचं आणि गप्प बसायचं. आमच्या इमारतीचं काय घेऊन बसलात? पलीकडच्या गल्लीतून शिकलो आम्ही. सगळीकडे हेच चालतं.”

कंडक्टरने उशीजवळची पाटी ओढली. अक्षरं वाकडी येत होती. बसमध्ये किती चढले, किती उतरले, किती राहिले, हे मोजण्यात त्याचा जन्म गेला होता. काकू जे रडत बोलली त्याचा अर्थ पक्कडच्या आधी त्याला लागला. त्याने लिहिलं आणि पाटी पक्कडसमोर धरली.

‘आज आणखी किती कुलपं?’

पक्कडने वाचलं. तो गोंधळला. मग त्याला कळलं. त्याने जिन्यात पडलेलं पॅड धावत जाऊन आणलं आणि एकेक कागद उलटू लागला. प्रत्येक कागदावर पत्ता, कापल्याची वेळ आणि खाली शेजाऱ्याची सही. काही सह्या नीट होत्या, काही नुसते अंगठे. प्रत्येक सहीच्या वर त्याच्याच अक्षरात एकच ओळ लिहिलेली होती, ‘शेजाऱ्याच्या सांगण्यानुसार आत कोणी नाही.’

“सात,” तो म्हणाला. “सकाळपासून सात कुलपं कापली मी.”

तो उठला, पिशवी खांद्यावर टाकली आणि धावत सुटला. जिन्यावर दोन-दोन पायऱ्या गाळल्याचा आवाज आला.

“अहो, थांबा!” काकू भिंतीचा आधार घेत उठली. “एकटे कुठे निघालात? तुम्हाला कोण दार उघडणार? तुमचं तोंड बघून आणखी गप्प बसतील सगळे! मी येते. मी बोलते त्यांच्याशी.” दारातून वळून तिने कंडक्टरकडे बघितलं. हात जोडले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खाली पळाली. दार लावायचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

घाईत पक्कडच्या हातून एक कागद पलंगावर राहिला होता. कंडक्टरने तो उचलला. सकाळचं पहिलं घर. पत्ता दोन गल्ल्या सोडून होता, खाली शेजाऱ्याचा अंगठा होता, आणि वेळ लिहिली होती साडेआठ. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा वाजले होते.